न टोचलेली लस

काम अडलं की आपण सगळे आधी एकच चौकशी करतो, "तिथे कुणी ओळखीचं आहे का?" नियम काय आहे, तो का आहे, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. वहिनींच्या ऑफिसात येणारी माणसंही याहून वेगळी नव्हती.

ते ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. परदेशात कामाला जाणाऱ्या कारागिरांची कागदपत्रं तिथे तयार होत. गवंडी, वेल्डर, रंगारी यायचे आणि वहिनींच्या टेबलापुढच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसायचे. वहिनी अकरा वर्षं तिथे होत्या. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत.

काही देशांत जायचं तर डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस घ्यावी लागते आणि ती घेतल्याचं पिवळं कार्ड सोबत लागतं. लस सरकारी दवाखान्यात, आठवड्यातून दोनच दिवस मिळे. एक बाटली फोडली की ती काही तासांत वापरावी लागते, म्हणून दहा माणसं जमेपर्यंत थांबवत. शिवाय ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. इकडे तिकीट यायचं आठवड्यावरचं. मग एके दिवशी साहेबांनी त्या दवाखान्याचा खोटा शिक्का करून आणला आणि वहिनींच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

"नडलेल्यांसाठीच हं," साहेब म्हणाले होते.

सुरुवातीला खरोखर नडलेल्यांसाठीच तो बाहेर निघाला. पुढे पुढे कोण नडलेला आणि कोण आळशी, हे बघायचं राहून गेलं. जुन्या कार्डावरचा बॅच नंबर नव्या कार्डावर उतरवायचा, सही गिरवायची, शिक्का मारायचा. वहिनींना त्यात पाप वाटलं नाही. उलट आपण गरिबाचा खेटा वाचवतो, असंच वाटे.

वहिनींचा धाकटा दीर लिफ्ट बसवायचं काम करी. सात मजली खड्ड्यात दोरावर लोंबकळणारा हा गडी सुईचं नाव काढलं की पांढराफटक पडायचा. त्याला परदेशात एका नव्या इस्पितळाच्या लिफ्ट बसवायचं काम मिळालं. निघायला तब्बल सोळा दिवस होते.

"शुक्रवारी जाऊन टोचून ये रे," वहिनी त्याला म्हणाल्या. "वेळ आहे तुझ्याकडे."

"दवाखान्यात कशाला? डॉक्टर तुमच्या ड्रॉवरमध्येच बसलेत ना!"

वहिनी हसल्या. दुसऱ्या दिवशी कार्ड घरी आणून त्यांनी त्याच्या हातात दिलं.

तिकडे पोचल्यावर पाचव्या आठवड्यात त्याला ताप भरला. पाठ आणि कंबर मोडून आल्यासारखी दुखत होती. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण चेष्टा शाबूत होती.

"उतरला ताप, वहिनी. हिला सांगा, काळजी करू नको. उद्यापासून कामावर जातो."

त्या आजारात असा एखादा बरा दिवस येतो आणि फसवतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, ओकारी काळी पडली. तिथल्या डॉक्टरांना पहिला संशय पीतज्वराचाच आला होता. पण त्यांनी कार्ड पाहिलं, लस घेतल्याची नोंद वाचली आणि ते दुसरे आजार शोधत बसले. रक्ततपासणीचा अहवाल येईपर्यंत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तो गेला. त्याच्याच खोलीत राहणारा रंगारीही तापाने पडला. त्याचं कार्डही वहिनींच्याच टेबलावरून गेलेलं होतं.

शवपेटी बंद होऊन आली. ती उघडायची परवानगी नव्हती.

भेटायला येणारी माणसं बाहेरच्या खोलीत बसत आणि हळू आवाजात तेच ते बोलत.

"लस घेतली होती म्हणे."

"घेतली होती ना. कार्ड होतं की. तरी गेलाच."

"मग काय उपयोग त्या लशीचा?"

शेजारची बाई म्हणाली, "आमची मुलगी पुढच्या महिन्यात तिकडेच जातेय. मी तिला सांगून टाकलंय, नको घेऊस ती लस. टोचून घेऊन वर मरायचंच असेल तर तो त्रास कशाला?"

वहिनी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. तोंड उघडावं असं त्यांना वाटलं. पण त्यांनी नुसतं पाणी दिलं आणि त्या आत गेल्या.

दोन दिवसांनी ऑफिसात एक बाई आल्या. सरकारी दवाखान्यात लस टोचणाऱ्या सिस्टर. केस पिकलेले, निवृत्तीला काही महिने उरलेले. त्या बाकावर न बसता वहिनींच्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दोन कार्डांच्या प्रती टेबलावर ठेवल्या.

"तिकडच्या इस्पितळातून विचारणा आलीय. ही दोन्ही नावं आमच्या रजिस्टरात नाहीत. आणि या बॅचची लस संपून दोन वर्षं झाली."

वहिनींनी प्रती जवळ ओढून नावं वाचली.

"पहिलं नाव तुमच्या घरचं आहे, हे मला खाली झेरॉक्सच्या दुकानात कळलं. म्हणून अधिकाऱ्यांच्या आधी मी आले."

"मी त्याला मारलं, असंच म्हणायला आलात ना सिस्टर?"

"नाही. लस घेऊन तो नक्की वाचला असता, अशी हमी कुणी देत नाही. पण ही लस शंभरात नव्याण्णवांना वाचवते. त्या नव्याण्णवांत बसायची संधी त्याच्याकडून काढून घेतली गेली, एवढं मात्र खरं."

"लोकांची सोय व्हावी म्हणून करत होते हो. एक कागद तर होता."

"डासाला कागद वाचता येत नाही, बाई. तो चावतो. डॉक्टर मात्र कागद वाचतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. तुमच्या कागदाने डास अडला नाही, डॉक्टर अडले. आणि आता गावभर झालंय, की लस घेऊनही माणूस मरतो. शुक्रवारी माझ्याकडे दहा माणसं यायची होती. चार आली. त्यांची तिकिटं जवळ आली होती, म्हणून बाटली फोडली आणि उरलेली फेकून दिली. तुम्ही जोवर गप्प आहात, तोवर हे वाढत जाणार."

"बोलले तर नोकरी जाईल. तुरुंगसुद्धा होईल."

"होईल कदाचित," सिस्टर म्हणाल्या. "ते होणार नाही असं मी खोटं कशाला सांगू? पण ड्रॉवरमध्ये असे किती जण आहेत?"

त्या दुपारी वहिनी लवकर घरी गेल्या. धाकटी जाऊ पलंगावर बसून नवऱ्याचे कामाचे शर्ट घडी करत होती. वहिनी तिच्यापुढे जमिनीवर बसल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. शिक्का, सही, बॅच नंबर, काहीही राखून ठेवलं नाही.

धाकटीचे हात थांबले.

"मला माहीत होतं, ताई," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्याने लस घेतली नाही ते. सुई टोचून आला असता तर दोन दिवस दंड दाखवत फिरला असता. मीही विचारलं नाही. अर्धा दिवस वाचला, बरं झालं, असंच वाटलं मला." तिने शर्ट बाजूला सारला. "तुम्ही शिक्का मारलात, तो हसला, मी गप्प बसले. आता कुणाला दोष देऊ?"

वहिनींनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपला हात मागे घेतला.

"माफीचं आज काही विचारू नका, ताई. मला जमणार नाही. तशी कार्डं अजून किती जणांकडे आहेत, ते सांगा."

बासष्ट जणांकडे होती. एकोणीस जण परदेशी पोचले होते. बाकीचे निघायच्या तयारीत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी शिक्का आणि ऑफिसातलं कार्डांच्या नोंदींचं रजिस्टर सिस्टरच्या हवाली केलं आणि लेखी जबाब दिला. नोकरी गेली. साहेबांवर आणि वहिनींवर खटला उभा राहिला. नातेवाइकांनी येणं-जाणं सोडलं. वहिनी शेजारच्या बाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याने लस घेतलीच नव्हती. कार्ड मी खोटं केलं होतं. मुलीला टोचून घ्यायला लावा." बाईने दार लावून घेतलं. पण शुक्रवारी ती मुलीला घेऊन दवाखान्याच्या रांगेत होती.

यादीतल्या लोकांना फोन करायला वहिनी बसल्या, तेव्हा पहिल्या तिघांनी त्यांना उडवून लावलं. "कार्ड आहे ना, मग कशाला उगाच?" तेव्हा धाकटीने फोन त्यांच्या हातातून घेतला.

"मी त्या लिफ्टवाल्याची बायको बोलतेय," ती म्हणायची. "माझ्या नवऱ्याकडेही असंच कार्ड होतं."

एवढं ऐकल्यावर पलीकडे कुणी वाद घालत नसे.

बंधूंनो, भगिनींनो, परक्या देशात जाताना आपण बॅगेचं वजन तीनदा करतो, आणि अंगाला काय लागेल ते मात्र शेवटच्या दिवसावर ढकलतो. निघण्याच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांकडे जा. कुठे चाललोय ते सांगा, लागेल ती लस खरोखर दंडावर घ्या, आणि परत आल्यावर ताप आला तर कुठून आलोय तेही सांगा. खोटा शिक्का मागू नका, कुणी देत असेल तर घेऊ नका. तो शिक्का विमानतळावरच्या पहारेकऱ्याला फसवतो, आजाराला नाही.

बासष्टपैकी साठ जणांपर्यंत निरोप पोचला. रंगारी वाचला, पण पूर्वीसारखं काम त्याला झेपत नाही. उरलेल्या दोघांचे फोन लागत नाहीत. धाकटी रोज सकाळी ते दोन नंबर फिरवते, आणि वहिनी शेजारी बसून वाट बघतात.