झडपेतला मोजा

“हे काय कोंबलंय इथे?” घरातली हवा तपासायला आलेली तार्या स्टुलावरून म्हणाली.

झोपायच्या खोलीत खिडकीच्या वर भिंतीत बाहेरची हवा आत घेणारी झडप आहे. तिने दोन बोटं घालून ओढलं तेव्हा लोकरीचा मोजा बाहेर आला. राखाडी, टाचेला लाल पट्टी. एका बाजूने धुळीने काळा झालेला.

“मोजा आहे,” मी म्हणालो.

“ते दिसतंय मला. पण तौनोकाका, तुमच्या घरात? झडपा बुजवणाऱ्यांना जिन्यात उभं करून झापायचात तुम्ही! मी होते ना बरोबर.” ती हसली. मी हसलो नाही.

फिनलंडमधल्या आमच्या कुओपिओ गावातल्या इमारतींमध्ये हवा खेळती ठेवायचं काम मी एकतीस वर्षं केलं; तार्या माझ्याच हाताखाली ते शिकली. न्हाणीघरातला पंखा हवा ओढून घेतो, म्हणून नवी हवा खोलीत भिंतीतून यावी लागते. हे मी घरोघरी सांगितलं. आमच्या घरात मात्र माझ्या बायकोच्या, हिल्काच्या, मानेला ती हवा लागायची.

“अख्ख्या गावाला हवा पुरवतोस आणि गारठा तेवढा बायकोच्या मानेवर सोडतोस होय रे?” ती म्हणायची. मग ऑक्टोबरात मी खिडकीच्या फटींवर कागदी पट्टी चिकटवायचो आणि झडपेत कोंबायला ती स्वतः विणलेला एक मोजा द्यायची. एक मे आला की मी दोन्ही काढायचो. इतकी वर्षं कधी चुकलं नाही.

यंदा मे महिन्यात बर्फ पडला. तिला खोकला होता. “राहू दे अजून,” ती म्हणाली. “जूनमध्ये काढ.”

जूनमध्ये मी विसरलो.

जुलैत तीन आठवडे ऊन हटलं नाही. दुकानांतले पंखे संपले. आमचा जुना पंखा तीच गरम हवा फिरवत राहिला. मी बाहेरच्या खोलीत बाल्कनीचं दार उघडं टाकून झोपायचो. हिल्काला उन्हाळ्यातल्या रात्रीच्या उजेडात झोप लागत नसे. ती जाड पडदा ओढून, दार लावून आत झोपायची. एका सकाळी मी कॉफी घेऊन गेलो. दार उघडताच आतली हवा तोंडावर आली. ती उठली नाही. मी खिडकी उघडायला धावलो, तेव्हा पट्टी हाताला लागली.

पट्टी मी त्याच दिवशी काढली. मोज्याला हात लावला नाही.

तार्या स्टुलावरून उतरली. “डॉक्टर हृदयाचं म्हणाले ना?”

“हो.”

“बाहेरच बत्तीस अंश होतं, काका. झडप उघडी असती तरी गरमच हवा आली असती.”

“पहाटे सतरा असायचं,” मी म्हणालो.

तिला ते माहीत होतं. तिने झडप पुसली, समोर हवेचा मापक धरला, आकडा कागदावर लिहिला.

“आता ठीक येतेय,” ती हळूच म्हणाली. कॉफी तिने उभ्यानेच प्यायली.

ती गेल्यावर मी मोजा धुतला, वाळवला. हिल्काच्या खणातून त्याचा जोडीदार काढला आणि दोन्ही एकात एक दुमडून ठेवले. मग पलंगावर तिच्या बाजूला बसलो. ऑक्टोबर लागला होता. मानेला गार लागत होतं.

मी उठलो नाही.