साऱ्या ले-आउटला ठाऊक असलेली चाबी

क्षणभर डोळे मिटा बरं. तुमच्याकडे एक सायकल आहे, नवी कोरी, जांभळ्या रंगाची. मनातल्या मनात तिची घंटी वाजवून बघा. वाजली? आता ती गॅरेजमध्ये ठेवा, शटर खाली ओढा आणि मुठीएवढं कुलूप लावा. झालात ना निर्धास्त? थांबा, एवढ्यात होऊ नका. त्या कुलपाची किल्ली कुठे ठेवलेली असते, हे तुमच्या गल्लीत झाडून सगळ्यांना ठाऊक आहे अशी कल्पना करा. आता सांगा, निर्धास्त वाटतंय?

इलाला वाटत नव्हतं.

इला सातवीत होती. हिंगणघाटच्या कडेला प्लॉट पाडून नव्याने वसलेल्या एका ले-आउटमध्ये ती, तिची आई शरयू आणि आजोबा प्रभाकरराव असे तिघं राहत. आजोबांना ती आबाजी म्हणे. बाबा चंद्रपूरला नोकरीला, आणि घरची गाडी त्यांच्याबरोबर तिकडेच. त्यामुळे गाडीसाठी बांधलेलं गॅरेज रिकामं पडलं होतं. आणि रिकामी जागा आबाजींना बघवत नसे.

शेजारच्या बंडूजींनी लांबलचक शिडी आणली, ती घरात मावेना. आबाजी म्हणाले, "आमच्या इथं टाका ना जी! गॅरेज का पळून चाल्लं?" समोरच्या मंदाबाईंचं शेवयांचं मशीन आलं. मागोमाग कुरडयांची मोठी पातेली आली, मग मंडळाचे बांबू आले. ज्याची वस्तू, त्याला ती काढायला किल्ली हवीच. म्हणून आबाजी ती शटरशेजारच्या कुंडीखाली ठेवत आणि ज्याला त्याला आनंदाने सांगत.

गेल्या दिवाळीत इलाची लाल सायकल त्याच गॅरेजमधून गेली. शटर शाबूत, कुलूप शाबूत, आत फक्त सायकल नाही. पोलीस आले. त्यांनी कुलूप उलटंपालटं करून पाहिलं.

"तुटलं तर नाई हे. चाबी कुठं राह्यते, काकाजी?"

"ह्या कुंडीखाली."

"कोणाकोणाले माहीत हाये?"

"घरच्याच लोकाईले," आबाजी ठामपणे म्हणाले आणि आठवू लागले. "आम्ही तिघं. बंडूजी. मंदाबाई. मंदाबाईची जाऊबाई. मंडळाचे पोट्टे. गॅस आणून देतो थो भाऊ, त्याले एकदा सिलिंडर आत ठेवाले सांगितलं होतं..."

पोलिसांनी नावं लिहायला काढलेला कागद घडी करून परत खिशात घातला.

नवी जांभळी सायकल घेतली तेव्हा आईने इलाला समोर बसवून सांगितलं होतं, "ही गेली तर तिसरी नाही. मग ऑटोने शाळेत जायचं." इलाला शाळेची फिकीर नव्हती. शाळेचा खो-खोचा सराव उजाडता उजाडता मैदानावर असे, आणि त्या वेळी ऑटो कुठला यायला? सायकल गेली की खो-खो गेला, आणि तालुक्याच्या संघात मिळालेली जागाही गेली. तिच्यासाठी एवढं सगळं त्या शटरमागे उभं होतं.

आबाजींनाही चोरीची टोचणी होतीच. त्यांनी शटरला नवं कुलूप आणलं, चांगलं जड. इला खूश झाली. पण संध्याकाळी बंडूजी फाटकाशी आले आणि तिने आतून ऐकलं :

"हे पाहा बंडूजी, कापाचं म्हटलं तरी कापत नाई हे कुलूप. दुकानदार म्हणे, गॅरंटी हाये."

"वा! अन् चाबी, काकाजी? मले उद्या शिडी लागते."

"आता कुंडीखाली नाई ठेवत, चोराले माहीत झालं थे! चपलाच्या मांडणीत, काळ्या बुटात."

इलाने कपाळावर हात मारला. फाटकाबाहेर भाजीची गाडी उभी होती, दोन अनोळखी माणसं पत्ता शोधत होती, आणि आबाजींचा आवाज तर असा, की चार घरं पलीकडचं कुत्रंही कान टवकारायचं.

"आबाजी, तुम्ही साऱ्याईले काऊन सांगता?"

"अवं, कुलूप चोरासाठी असते. शेजाऱ्यासाठी नसते, बेटा."

"पण चोर का बहिरा हाये?"

आबाजी हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मग शटरवर माणूस आला की आपोआप लागणारा दिवा बसवला. तो कुत्र्यालाही लागे, मांजरालाही लागे. बिल वाढतं म्हणून आबाजींनी तो बंद करून टाकला. मागच्या खिडकीला कडी लावली, पण उन्हाळ्यात गॅरेजची भट्टी होते म्हणून ती खिडकी उघडीच राहू लागली. शेवटी इलाने आपल्या साठवलेल्या पैशांतून आकड्यांचं कुलूप असलेली साखळी आणली. खिडकीच्या गजात अडकवून सायकल बांधली. तिने आकडे फक्त आबाजींना सांगितले, तेही शपथ घालून. चार दिवसांनी सरावाला निघताना पाहते तर सायकल भलत्याच कोपऱ्यात.

"थे बंडूजीले शिडी काढाची होती, सायकल मधात येत होती," आबाजी म्हणाले. "म्हणून आकडे सांगितले. तोंडाले कुलूप लावाचं का आता?"

"हो!" इला ओरडली. "तेच लावा!"

आईने दटावलं तशी ती सायकल घेऊन निघाली, पण रस्ताभर पायडल मारताना तिचे दात एकमेकांवर घासत होते. कुणावर चिडावं? आबाजी लबाड नव्हते, शेजारी वाईट नव्हते. वाईट माणसं असती तर एव्हाना भांडून मोकळं होता आलं असतं. ह्या भल्या माणसांचं काय करायचं?

मे महिन्यात कारंज्याला लग्न होतं, दोन दिवसांचं. पिशव्या फाटकाशी ठेवून तिघं बसस्टँडवर नेणाऱ्या ऑटोची वाट पाहत होते. इला तिसऱ्यांदा शटरचं कुलूप ओढून पाहून आली. किल्ली तिने आबाजींकडे मागितली होती, तर ते म्हणाले, "चाबीची सोय केली मी, तू नको फिकर करू." आणि ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

आईच्या हातातला फोन वाजला. आईने वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"काय झालं?" इलाने फोन ओढला. ले-आउटच्या ग्रुपवर आबाजींचा निरोप होता : 'नमस्कार मंडळी. आम्ही सहपरिवार कारंजा येथे लग्नास जात आहोत. परवा रात्री येऊ. घरी कोणी नाही. शिडी, मशीन इत्यादी लागल्यास चाबी बुटातून काढून तुळशीमागे ठेवली आहे. संकोच करू नये.'

खाली मंदाबाईंनी हात जोडलेले पाठवले होते. कुणी अंगठा. कुणी गुलाबाचं फूल.

"आबाजी..." इलाने फोन त्यांच्यासमोर धरला. "तुम्ही चोराले पत्रिका पाठवली!"

"अवं, आपलेच लोकं हायेत ग्रुपमंदी."

"कितीक लोकं? तुम्ही वळखता सगळ्याईले?"

आबाजी बोटाने ग्रुपमधली नावं खाली सरकवू लागले. ग्रुपमध्ये सगळ्या ले-आउटचे लोक होते, भाडेकरू होते, सोडून गेलेले भाडेकरूही होते.

"मंदाबाईले मशीन लागलं तर?" ते हळूच म्हणाले. "मी नाई म्हणू? तुही आजी असती तर तिनं नाई म्हटलं नसतं."

आई मध्ये पडली. "इला, सायकल आज हॉलमध्ये ठेवून दे. ऑटो येतच असेल."

"अन् परवा आल्यावर? परत गॅरेजमध्ये? परत कुंडी, परत बूट?"

इला शटरकडे बघत राहिली. एवढे दिवस ती किल्ली लपवायला जागा शोधत होती, आणि आबाजी ती वाटत सुटले होते. पण लोकांना किल्ली कशाला हवी होती? शिडीसाठी. मशीनसाठी. किल्लीचं कुणालाच काही पडलेलं नव्हतं.

ती तुळशीपाशी गेली, किल्ली घेतली, शटर वर ढकललं. सायकल बाहेर काढून आईच्या हाती दिली. पुन्हा आत गेली आणि शिडीचं एक टोक उचललं. शिडी जड होती, बांबूंना अडकली, पातेल्यांचा खणखणाट झाला.

"अवं, हे का करून राह्यली?" आबाजी उठले. "बंडूजीच्या घरात नाई मावत थे! लोकं काय म्हणतीन?"

"भिंतीले टेकून उभी राह्यते, आबाजी. अन् लोकाईले काय, त्यायची शिडी भेटन."

रस्त्याच्या वळणावर ऑटोचा हॉर्न वाजला. इलाने मागे पाहिलं नाही. शिडी फरफटत ती शेजारी गेली, बंडूजींच्या कंपाउंडच्या भिंतीला ती नीट टेकवली, हात फ्रॉकला पुसले आणि त्यांची घंटी वाजवली. मग दार उघडायची वाट न पाहता ती मंदाबाईंचं मशीन आणायला परत धावली.