उजवी कळी

कंपनीने दिलेल्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘तुमच्या आत्मविश्वासाला दहापैकी किती गुण द्याल?’ हर्षालीने आधी सहा लिहिले, मग खोडून चार केले. सहा म्हटलं की कुणीतरी विचारणार, कशाच्या जोरावर? आणि सांगायला काही निघायचं नाही. चाराला कुणी जाब विचारत नाही.

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात ती तपासणी विभागात होती. मशीनवरून उतरलेले सुटे भाग मोजायचे, बरोबर असतील ते पुढे पाठवायचे, चुकलेल्यांना लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं. दोन वर्षांत तिच्या हातून चुकीचा भाग पुढे गेला नव्हता, म्हणून साहेबांनी चाकणच्या नव्या कारखान्यासाठी तिचं नाव दिलं होतं, सुपरवायझर म्हणून. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता, आणि हा फॉर्म त्यासाठीच. फॉर्म देताना कंपनीच्या निकिता मॅडमनी बजावलं होतं, “मनापासून भर. शाळेचा निबंध लिहू नकोस.”

तिने मनापासून भरला. कशावर विश्वास आहे? बहिरोबावर. आवडती व्यक्ती? अण्णा. आवडती गोष्ट म्हणून तिने फुलं लिहावीत असं कुणालाही वाटलं असतं, कारण घरी शेवंतीचा मळा. पण शाळेत जाण्याआधी दीड तास वाकून तोडणी केलेल्या माणसाला फुलांची आवड विचारू नये. तिने लिहिलं, मोजमाप. एकच वस्तू दोघांनी मोजली तरी आकडा तोच येतो, याचं तिला फार बरं वाटायचं. कुटुंबाविषयी चार ओळी मागितल्या होत्या. चार ओळींत कुटुंब मावतं असं कंपनीला वाटत असेल तर कंपनी सुखी आहे. हर्षालीने एकच लिहिली, ‘मी घरात सगळ्यांची लाडकी आहे.’

ते खोटंही नव्हतं. मखमलाबादच्या पुढे तिच्या वडिलांचा, वाल्मीकअण्णांचा मळा, आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अण्णा हर्षालीचं कौतुक ऐकवायचे. पोरीच्या हाताला गुण आहे, हंगामाचं पहिलं फूल तिनेच तोडायचं, तिच्या हातचा चहा झाल्याशिवाय माझी गाडी बाजाराला निघत नाही. धाकट्या भावाचं, ज्ञानेशचं असं कौतुक कधी कुणी केलं नाही. त्याला नुसतं मागेल ते मिळायचं.

सहा वर्षांपूर्वी बारावीनंतर हर्षालीचा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला होता. यादी मोबाईलवर बघून ती मळ्यातून घरापर्यंत पळत आली होती. अण्णा म्हणाले होते, “देवाला विचारू.” या घरात मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नसे. विहिरीची जागा, नवी गाडी, आत्याचं स्थळ, सगळं बहिरोबाने ठरवलेलं. मळ्याच्या बांधापलीकडे त्याचं लहानसं देऊळ. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाणी लावून एकेक कळी चिकटवायची, प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात, आणि कौलाच्या पुढे कुणी बोलत नाही.

त्या दिवशी हर्षालीला पाळी आलेली. देवळाची पायरी चढायची सोय नव्हती, म्हणून ती घरीच ओट्यावर बसून राहिली. दोन तासांनी अण्णा आले, चपला काढल्या आणि म्हणाले, “डावी पडली, बाई.” बस, एवढंच. आईने डोळे पुसले. हर्षाली रडली, पण भांडली नाही. भांडणार कोणाशी? नाशकातच बी.एस्सी. केलं आणि अंबडला लागली. दोन वर्षांनी ज्ञानेश पुण्याला गेला. अण्णा तेव्हा मान हलवत म्हणाले होते, “त्याची उजवी पडली. प्रत्येकाचं नशीब असतं.” तो आता पुण्यातच नोकरीला होता आणि दिवाळीला यायचा.

तेव्हापासून तिने एक गोष्ट मनाशी धरून ठेवली होती. देवाने आपल्या आत डोकावून बघितलं आणि ओळखलं, हिच्याच्याने व्हायचं नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर जायचा नाही. कारखान्यात तिची सूचना दुसराच कुणी आपली म्हणून सांगायचा आणि ती गप्प राहायची. बहिरोबाला ठाऊक आहे ते आपल्याला ठाऊक नसेल, असं तिला वाटायचं. चार गुण तसे भरपूरच होते.

शुक्रवारी संध्याकाळी तिने चाकणचं घरात सांगितलं. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. “तुझं तू बघ, बाई. शिकलेली हायेस, कमावती हायेस. मी कोण नाय म्हणणारा?”

इथे तिने उठून बॅग भरायला घ्यायला हवी होती. कुणी अडवलं नव्हतं. रस्ता मोकळा होता, आणि नेमकी मोकळ्या रस्त्याचीच तिला भीती वाटली. तीच म्हणाली, “अण्णा, कौल लावू या.”

अण्णांचा चेहरा इतका खुलला की तिला त्यांच्यावर माया आली. “बघ,” ते आईला म्हणाले, “शिकली तरी रीत विसरली नाय माझी लेक.”

रविवारी सकाळी तिघं देवळात गेली. बहिरूबाबा गुरव ऐंशीच्या घरातले, कानाने धड, डोळ्यांनी अधू. त्यांनी देवाला अंघोळ घातली, शेंदूर लावला, खांद्यांवर पाण्याचा हात फिरवला आणि परडीतल्या वरच्या दोन कळ्या चिकटवल्या. आई आणि हर्षाली गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. अण्णा आत.

“देवा,” बाबा म्हणाले, “वाल्मीकची लेक कामाला परगावी जाती म्हणती. जाऊ दे म्हणत असशील तर उजवी दे, नको म्हणत असशील तर...”

बाबांचं बोलणं संपायच्या आत उजवी पडली.

हर्षालीच्या तोंडून हुंदकाच फुटला. सहा वर्षं पाठ फिरवून बसलेलं कुणी एकदम वळून हसावं, तसं तिला झालं. तिने हात जोडले. देवाचं मन बदललं होतं, आपण थोडं तरी सुधारलो होतो. तिने आईकडे बघितलं. आई अण्णांकडे बघत होती.

“पाणी जास्त झालं, बाबा,” अण्णा म्हणाले. “ओघळली ती. परत लावा.”

बाबांनी परत लावल्या. या वेळी बराच वेळ गेला. समईची वात सरळ उभी होती, पानसुद्धा हलत नव्हतं. उजवी सुटली आणि देवाच्या पायाशी आली.

“वारा आला,” अण्णा म्हणाले.

हर्षालीला आधी कळलंच नाही ते काय बोलले. मग कळलं. मागच्याच महिन्यात तिने एका ऑपरेटरला यासाठी फैलावर घेतलं होतं. माप चुकीचं आलं की तो मोजायचं यंत्र झटकायचा आणि हवं ते येईपर्यंत पुन्हा मोजायचा. आलं तेच लिहायचं, असं ती त्याला सगळ्यांसमोर बोलली होती. इथे मात्र यंत्र झटकणारे अण्णा होते.

तिसऱ्या वेळी अण्णांनी परडीत हात घातला आणि कळ्या स्वतः निवडल्या. तीस वर्षं शेवंती केलेला माणूस. कुठली कळी बसते आणि कुठली घसरते हे त्यांना न बघता, नुसत्या बोटांना कळायचं. आणि सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागे तोडणी केलेल्या हर्षालीलाही कळायचं. उजवीकडे त्यांनी चपट्या बुडाची, हलकी कळी दिली. डावीकडे जाड देठाची, उमलायला आलेली, जड.

अर्थात डावी पडली.

अण्णांनी डोळे मिटून हात जोडले. “झालं. देवाच्या मनात नाय. त्याच्या शब्दापुढं आपण कोण?” त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. ते ढोंग करत नव्हते, हे तर तिला अजूनच असह्य झालं. त्यांना खरंच वाटत होतं की देव बोलला.

“बाबा,” हर्षालीने विचारलं. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. “मी बारावी झाले, तेव्हा लावलेला कौल तुम्हाला आठवतो?”

“न आठवायला काय झालं? पुण्याच्या शाळेचा ना?” बाबा पडलेल्या कळ्या गोळा करत म्हणाले. “पाच येळा लावला व्हता. चार येळा उजवीच. लय हट्टी देव आपला! शेवटी वाल्मीकनं कळ्या बदलून दिल्या, तव्हा कुठं ऐकलं त्यानं.” आणि ते बोळक्या तोंडाने हसले. त्यांच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. यजमान म्हणतील तितक्या वेळा लावायचा.

“आणि ज्ञानेशचा?”

“त्याचा कव्हा लावला? नारळ फोडला नि गेला की पोरगा.”

“म्हाताऱ्याला काय आठवतंय आता,” अण्णा पुटपुटले. हर्षालीने आईकडे वळून बघितलं. आई पायातली जोडवी बघत होती, त्यामुळे तिलाही ठाऊक होतं का, हे विचारायची वेळ आली नाही.

चार वेळा. ती घरी ओट्यावर वाट बघत बसली होती, नंतर देवाने आपल्यात काय बघितलं म्हणून झुरत राहिली होती, आणि तो दगडाचा देव तिकडे देवळात तिच्या बाजूने चार वेळा बोलला होता. तिला त्याचा राग येईना. त्या घरात त्याचंही तिच्याइतकंच चालत होतं.

राग आला तो स्वतःच्या सहा वर्षांचा. गिळलेल्या उत्तरांचा, दुसऱ्यांना देऊन टाकलेल्या श्रेयाचा, आरशात बघून ‘तुझ्याच्याने होणार नाही’ म्हणण्याचा. हे सगळं तिने श्रद्धेने केलं होतं. एक खोटं तिने देवाचा शब्द म्हणून इतकं जपलं होतं की तिचा चेहरासुद्धा त्या खोट्यासारखाच झाला होता.

बांधावरून घरी येताना अण्णा तिच्या पुढे चालत होते. मध्येच थांबून, मागे न वळता म्हणाले, “तुला लांब धाडायला जीव व्हईना. लाडकी तू माझी. घर तुझ्यावर चालतं, मळा तुझ्यावर चालतो.”

“आणि ज्ञानेश?”

“त्याचं काय? पोरगा तो. त्याला जाऊ द्यावंच लागतं.”

म्हणजे लाडक्याला धाडायचं आणि लाडकीला ठेवून घ्यायचं. दोघांवर माया तीच, फक्त एकाला त्या मायेचे पाय फुटले आणि दुसरीला तिची बेडी पडली. हर्षालीला वाटलं आपण ओरडावं, पण ती एवढंच म्हणाली, “मला खोटं का सांगितलं, अण्णा?”

आता ते वळले. रागावले होते, आणि दुखावलेही होते. “आन तू काय केलं? परवा मी नाय म्हणालो व्हतो का? तुझं तू बघ, म्हणालो. जायचंच व्हतं तर जायचं. मग विचारलंस कशाला?”

सकाळभरातला हा एकच खरा प्रश्न होता, आणि तो नेमका त्यांनी विचारावा! सहा वर्षांपूर्वी दार त्यांनी लावलं होतं. परवा ते उघडं होतं, आणि ते बंद आहे का हे विचारायला तीच त्यांना घेऊन देवळात गेली होती.

घरी आल्यावर तिने ओसरीत उभं राहूनच निकिता मॅडमना मेसेज केला, ‘मी चाकणला येते.’ मग तो मागे घेता येऊ नये म्हणून मोठ्याने वाचून दाखवला. आनंद काही झाला नाही.

आई स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसत. “नको जाऊस, हर्षू,” ती म्हणाली.

“जाणार.”

आईने जेवायला वाढलं, भाकरीवर लोणी घातलं, पाण्याचा तांब्या ठेवला. मग तेच वाक्य जरा मऊ करून विचारलं, “एक वर्षानं गेलीस तर नाय का चालायचं?”

“नाही चालायचं.”

दुपारी ज्ञानेशचा पुण्याहून फोन आला. त्याला घरून कळवलं गेलं होतं. तो म्हणाला, ताई, अण्णांचं वय बघ, तू अशी कशी एकदम, जरा नीट विचार कर ना परत. त्याच्या मागे हॉटेलात कुणीतरी हसत होतं. ती म्हणाली, “केला विचार. जाणार.”

ओसरीच्या टोकाला अण्णा खुर्ची ओढत होते. खुर्ची तिच्या समोर आणून ते बसतील, खाकरतील आणि पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं विचारतील, हे तिला ठाऊक होतं. मग उद्या विचारतील. परवा आत्याला घेऊन येतील. हवं ते पडेपर्यंत या घरात कुणी थकत नाही. चार वेळा होकार देऊन देवसुद्धा पाचव्यांदा यांच्यापुढे वाकला होता, आणि ती काही देव नव्हती.

अण्णा बसले. “हर्षाली,” ते म्हणाले, “नीट सांग. जायचं का?”

“हो, अण्णा,” ती म्हणाली, आणि पुढच्या वेळेसाठी दम धरून बसली.