दहा वाजता पडणारं शटर

सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार अश्वजित धानोऱ्याला घरी परतला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने भिंतीवर घराचं वेळापत्रक चिकटवलं. पाचला उठणे, सव्वापाचला चहा, आंघोळीला माणशी सात मिनिटं. सहावीतली लेक रिना आठव्या मिनिटाला बाहेर आली की बाबा दारात घड्याळ धरून उभे! बायको संघप्रिया म्हणायची, "लग्नात बी एवढी घाई नाई केली तुमी." निवृत्त फौजी ज्या घरात असतो तिथे हे थोडंफार चालतंच, तुम्हीही पाहिलं असेल. घरच्यांनी हसण्यावारी नेलं.

पुढे त्याला नोकरी लागली आणि हसून सोडून द्यायची सोय राहिली नाही. गावातल्या बायकांच्या गटाने मोहफुलं खरेदी करायचं केंद्र काढलं होतं. रानात वेचून, वाळवून आणलेली फुलं तिथे तोलून घ्यायची आणि ट्रकने बाहेर पाठवायची. तोलाला भरवशाचा माणूस हवा म्हणून अश्वजितला नेमलं. ग्रामसभेने मात्र बजावलं होतं की महिन्याभरात एक ट्रक भरला तरच केंद्र चालेल. नाही भरला तर कुलूप, मग बायका पुन्हा व्यापाऱ्याच्या काट्यापुढे, तो म्हणेल त्या भावात.

अश्वजितने पहिल्याच दिवशी पाटी लावली. 'वेळ सकाळी सात ते दहा. पाच मिनिटे आधी हजर राहावे.' दहाला शटर खाली. साडेअकराला कुणी डोक्यावर टोपलं घेऊन आलीच, तर "उद्या टाइमावर या." ती बिचारी घरी थोडीच जाणार? रस्त्यापलीकडे व्यापाऱ्याचा टेम्पो तयारच असे. तीन आठवडे गेले, पाव ट्रकही भरला नाही.

"आपल्या लोकांले टाइमाची कदरच नाई," तो घरी येऊन कुरकुरायचा.

एके दिवशी गटाची अध्यक्ष गुणाबाई सव्वाअकराला येऊन पोचली. साठीची बाई, कपाळावर घाम, शटर बंद. ती रागावली नाही. पायरीवर टेकली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, फौजेत किती वाजता उठत होते तुमी?"

"साडेचारले."

"मंग उद्या चारले तयार राहा. पाच मिनटं आदी."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच-सहा बायका मोठ्याने बोलत रानात शिरल्या. वाघाच्या मुलखात गप्प चालायचं नसतं. मागून अश्वजित. प्रत्येक घराचं मोहाचं झाड आजा-पणजापासून ठरलेलं, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. गुणाबाईच्या झाडाखाली टपटप सडा पडत होता. तासाभरातच हवालदारसाहेबांची कंबर धरली.

"बाई, जरा आरामानं वेचलं तर नाई चालत?"

"नाई जी. तवर गायी येते, हरनं येते. अन् ऊन तापलं का फूल करपते." हात न थांबवता तिने विचारलं, "फौजेत पहाटे काऊन उठवत होते तुमाले?"

"सीमेवर पहाटेच हल्ल्याची भीती राहे. म्हनून उजाडायच्या आदी सारे मोर्चावर."

"म्हनजे तुमचा टाइम बी कामानंच ठरवला होता. घड्याळानं नाई. आमचा टाइम हे झाड ठरवते. सात ते दहा आमी इथी वाकून राह्यलो, अन् तिथी तुमी आमाले लेट म्हनून राह्यले."

अश्वजितने ओंजळीतली फुलं तिच्या टोपल्यात टाकली. त्याला मनापासून लाज वाटली. त्याला उठवायला सतरा वर्षं शिट्टी वाजत होती. ही बाई चाळीस हंगाम शिट्टीवाचून उठत आली होती, आणि तिला तो वेळेची कदर शिकवायला निघाला होता!

"घरी गेल्यावर फुरसत केव्हा होते?" त्याने विचारलं. हे त्याने पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं.

"फुलं वाळू घालाची, सयपाक, पानी. तीन वाजते."

त्याच दिवशी पाटी बदलली. दुपारी तीन ते सहा. गुणाबाईनेही बायकांना ठणकावलं, "आता आपल्या सोयीचा टाइम भेटला, तर बहाने चालनार नाई. तीन म्हनजे तीन." पहिल्या दुपारी चौदा टोपली आली, दुसऱ्या दुपारी रांग लागली. साठवलेली फुलं घराघरांतून बाहेर निघाली. टेम्पोवाला दोन दिवस वाट पाहून दुसऱ्या गावी गेला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पोत्यांवर पोती चढली आणि ट्रक काठोकाठ भरला. ग्रामसभेत टाळ्या पडल्या, केंद्र चालू राहणार हे पक्कं झालं. कुणीतरी म्हणालं, "हवालदारसाहेब, ही फौजेची शिस्त."

अश्वजित उठून उभा राहिला. "नाई जी. शिस्त या बायांची पहिलेपासूनच होती. माझंच शटर चुकीच्या टाइमाले पडत होतं."

मंडळी, वेळ पाळणं चांगलंच, ते सोडू नये. पण आपली कचेरी, दुकान, शाळा ज्याच्यासाठी उघडतो, त्या माणसाला आधी त्याची वेळ विचारावी. आणि कुणाला उशीर झाला म्हणून दार लावण्यापूर्वी एवढं जाणून घ्यावं, की तो त्या वेळी कुठे राबत होता.