नवव्या प्रकरणातला मृत्यू

सेन्योरा कासिमिराची कादंबरी बाहेर आली आणि लीमातल्या ओळखीच्या प्रत्येक घराने तिचं तोंड भरून कौतुक केलं. चर्चच्या पायऱ्यांवर बायका हात धरून म्हणायच्या, "काय लिहिलंयस गं!" पुरुष टोपी काढून म्हणायचे, "अप्रतिम!" पण तिने पुढे विचारलं, "काय आवडलं?" की ज्याला त्याला घाई व्हायची. कुणाचं सूप गार होत असायचं, कुणाची घोडागाडी खोळंबलेली असायची. पुस्तक खरोखर कुणी वाचलंय का, हे कळल्याशिवाय कासिमिराला चैन पडेना.

तिचं एक गुपित होतं. शहरातल्या साप्ताहिकात पुस्तकांची सालटी काढणारा तो खवचट टीकाकार 'सेन्योर तादेओ' म्हणजे हीच बाई. संपादक एर्मोखेनेसलासुद्धा ते ठाऊक नव्हतं. तादेओचा लेख घेऊन नेहमी एक मान्तोवाली यायची. डोक्यावरून काळं वस्त्र, चेहरा झाकलेला, एकच डोळा उघडा. अशा बाईला नाव विचारायचं नाही आणि तिच्या मान्तोला हात लावायचा नाही, ही लीमाची रीत. सख्ख्या नवऱ्यालाही ती मोडता येत नव्हती. मान्तोतल्या बायका आवाजही बारीक करून बोलायच्या, त्यामुळे मान्तोआडची कासिमिरा निर्धास्त होती. हे सदर तिचा जीव की प्राण होतं. बाईने फार तर कविता कराव्यात, पुरुषांच्या पुस्तकांना नावं ठेवू नयेत, असं मानणाऱ्या गावात तिला दुसरी जागा कोण देणार होतं?

तर त्या आठवड्यात तादेओने कासिमिराच्या कादंबरीला झोडपलं. 'नवव्या प्रकरणात नायिका ब्रिखिदा तापाने मरते, आणि तिच्याबरोबर पुस्तकही मरतं,' असं त्याने लिहिलं. खरं तर ब्रिखिदा मरत नाही. सासूच्या नाकावर टिच्चून ती कायाओ बंदरातून गलबतात बसून निघून जाते. कासिमिराने मुद्दाम गळ टाकला होता.

रविवारी तिच्या दिवाणखान्यात मंडळी जमली.

"मेल्याला काळीज आहे का!" चॉकलेटचा पेला आपटत तोमासा मावशी कडाडली. "ब्रिखिदा गेली तेव्हा मी उशी भिजवली, उशी!"

"मीसुद्धा रडलो," न्यायाधीशसाहेब म्हणाले. "घरात कुणी नव्हतं म्हणून बरं."

कासिमिराचा नवरा निकानोर मिशा पिळत उठला. "सापडू तर दे तो तादेओ! माझ्या बायकोने इतक्या सुंदर रीतीने मारलेली पोरगी, आणि हा नाक मुरडतो!"

"तुम्ही वाचलंत ते प्रकरण?" कासिमिराने विचारलं.

"दोनदा!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. नव्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेली असत, ती कापूनच वाचता येत; त्याच्या प्रतीची तर अजून कापलेलीसुद्धा नव्हती, हे तिने सकाळीच पाहिलं होतं. तिला हसू आवरेना, आणि वाईटही वाटलं. निकानोर भला माणूस होता. तिच्यासाठी त्याने तलवार उपसली असती, पण पानं कापायचा चाकू काही हातात घेतला नव्हता.

सोमवारी मान्तो ओढून ती नवा लेख घेऊन छापखान्यात गेली. एर्मोखेनेसने कागदाला हातही लावला नाही.

"परत ने. मालकाला सांग, सदर बंद."

"अगो बाई, का हो?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"ब्रिखिदा मरत नाही म्हणून! सासू जी घंटी वाजवून तिला राबवायची, ती घंटी ती समुद्रात फेकते. बुडता बुडता घंटी एकदा वाजते. ते वाचून मला घास गिळवेना, बाई! आणि हा गाढव म्हणतो तापाने मेली. न वाचता झोडपणारा माणूस मला नको. त्याने पुस्तक वाचलं नाही, हे मी या अंकात छापणार आहे."

कासिमिराच्या अंगावर काटा आला. गप्प राहिलं तर सदर गेलं. बोललं तरी ते राहील याचा काय भरवसा? पण आनंद तिच्या पोटात मावेना.

"वाजलेली ऐकू आली तुम्हाला?" ती स्वतःच्या आवाजात म्हणाली.

एर्मोखेनेसने चमकून वर पाहिलं. त्याने काही विचारलं नाही; रीतच नव्हती. मग तिने आपणहून मान्तो आवळून धरलेली मूठ सोडली आणि चेहरा दिसू दिला.

"सेन्योरा! म्हणजे तुम्हीच मारलंत तिला?"

"मेली म्हटल्याशिवाय, ती जिवंत आहे हे सांगायला कोण येतंय ते कळणार कसं?" कासिमिरा डोळे पुसत म्हणाली. "अख्ख्या गावात तुम्ही एकटे आलात."

मग त्याने लेख पुढे ओढून शेवटपर्यंत वाचला आणि टाक तिच्याकडे सरकवला.

"तादेओ संपला. पण लेख चांगला आहे. खाली कुणाचं तरी नाव लागेल. बोंबाबोंब होईल बरं का."

कासिमिराने मान्तो खुर्चीवर टाकला, तादेओचं नाव खोडलं आणि आपलं लिहिलं.

"अंक शनिवारी येऊ द्या, घाई नको," ती म्हणाली. "आमचे हे तलवार घेऊन तादेओला शोधताहेत. तोवर त्यांना पुस्तक वाचायला बसवते."