काळविटाचा विषय

"वाघ नको. वाघ त्याला गेल्या दिवाळीला दिला, तवापासून नुसत्या डरकाळ्या फोडतोय. ह्या टायमाला लांडगा दे," तात्याराव म्हणाले.

"लांडगा जांभळा देऊ का तांबडा?" मच्छिंद्रनं विचारलं.

"आरं, लांडगा आसतो कसा?"

"आसतो मातकट. पन शाया दोनच हायत्या माझ्याकडं."

"मग तांबडा दे. मेव्हणा पतपेढीच्या इलेक्शनला पडलाय. जरा धीर यायला पायजे त्याला."

तात्याराव एका दूध सोसायटीचे चेअरमन होते आणि तांबड्या लांडग्यानं माणसाला धीर येतो याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मच्छिंद्रनं ड्रॉइंगचा जाड कागद मधोमध दुमडला, ब्लेडनं कोपरे गोल केले, लांडगा पॅडवर दोनदा टेकवला आणि छाती भरून घेऊन कागदावर दाबला. शिक्का मारताना तो श्वास धरायचा. श्वास सोडला की लांडग्याचं शेपूट फाटायचं.

भूमच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या टपरीत मच्छिंद्र ओव्हाळचं शिक्क्यांचं दुकान होतं. साल चौऱ्याऐंशी. तालुक्यात पाऊस कमी आणि सोसायट्या जास्त. दुधाची, खताची, कोंबड्यांची, मजुरांची. एका शेळीपालन संघाचे तर शिक्के सात होते आणि शेळ्या चार. प्रत्येक संस्थेला गोल शिक्का, चेअरमनचा, सचिवाचा, 'मिळाले'चा, 'तातडीचे'चा. आमच्याकडं शिक्का नसलेला कागद कागद नसतोच, आणि शिक्का असलेला कागद दिसला की माणूस आधी उभा राहतो, मग वाचतो.

जनावरांची कार्डं सुरू झाली ती दत्तोपंत मास्तरांमुळं. त्यांना जावयाला बढतीबद्दल अभिनंदन धाडायचं होतं आणि स्टेशनरीच्या दुकानात सगळ्या कार्डांवर गुलाब. "बापई माणसानं बापई माणसाला गुलाब धाडायचा? मुलगी माघारी पाठवतील," मास्तर म्हणाले. मच्छिंद्रनं फावल्या वेळात एक मोर कोरून ठेवला होता. तो मारून दिला. जावयानं म्हणे ते कार्ड काचेत बसवलं. मग गिऱ्हाइकं वाढली. चेअरमन लोकांना वाघ. बदली झालेल्यांना माळढोक. रिटायर होऊनही खुर्ची न सोडणाऱ्यांना घोरपड. कोल्हा स्वतःच्या नावानं कुणी नेत नसे, पण निनावी फार खपायचा. वाघ भूम तालुक्यात कुणी पाहिलेला नव्हता, मच्छिंद्रनंही नाही. तो काड्यापेटीवरून उतरवलेला, आणि जांभळ्या शाईत दाढ दुखत असल्यासारखा दिसायचा. पण तक्रार कुणी केली नाही.

अडचण आतल्या मजकुराची होती. 'प्रिय' नको, असं सगळ्यांचं मत पडलं. 'शुभेच्छा' जरा बायकी वाटल्या. 'लोभ असावा' हे तात्यारावांनी मोठ्यानं वाचलं आणि आजूबाजूला कुणी ऐकलं तर नाही ना, हे पाहिलं. शेवटी एकच शब्द सगळ्या पुरुषांना चालला. 'कळावे.' बाहेर जनावर, आत 'कळावे', खाली आपापल्या पदाचा शिक्का. झालं पत्र.

बाजारच्या दिवशी दुपारी भिमाबाई टपरीशी आल्या. मच्छिंद्रच्या थोरल्या भावाची, आबारावची बायको.

"भावजी, जयभीम."

"जयभीम, वैनी. बसा की."

"बसत न्हाय, यष्टी निघल. तुमच्या दादाचं लक्षान बरं न्हाय. चार पावलं चाललं की दम लागतोय. डागदर म्हनला, छातीला जपा."

मच्छिंद्र पॅडवरची शाई बोटानं सारखी करू लागला. "मग?"

"मग काय, मग? येऊन जावा की एकदा. बारा वर्सं झाली."

"दादानं बोलवलं का?"

"ते बोलवत्यात व्हय कुनाला! आन तुमी बोलवल्याबिगर येत न्हाय. एकाच ढिगातली खडी हाय दोघं बी." भिमाबाईंनी पिशवी उचलली. "सचिव हायत सोसायटीचे. घरात बी सचिवावानीच बोलत्यात. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हनत्यात, बाब निदर्शनास आली."

बहात्तर सालच्या दुष्काळात गावाच्या शिवारात खडी फोडायचं काम निघालं होतं. आबाराव सातवी पास, म्हणून हजेरी मांडायला. मच्छिंद्र एकोणीस वर्षांचा, खडी फोडायला. एका दुपारी तो खडीच्या ढिगामागं बसून टायरच्या जुन्या चपलेच्या तळव्यावर ससा कोरत होता. आबाराव वही घेऊन आला. बराच वेळ बघत राहिला.

"काय चाललंय?"

"ससा."

हजेरीच्या वहीत सशाला रकाना नव्हता. आबारावनं 'गैरहजर' लिहिलं. संध्याकाळी ते कळल्यावर मच्छिंद्र दोनशे माणसांसमोर ओरडला, "तू माझा भाऊ न्हाईस. तू हजेरीबुक हैस!" दोनशे माणसं हसली. दुष्काळात हसायला तसं काही नव्हतंच, त्यामुळं जरा जास्तच हसली. मच्छिंद्र तसाच भूमची वाट चालू लागला. नऊ मैल. ते हसू त्याला भूमपर्यंत पुरलं. पुढच्या बारा वर्षांना पुरलं नाही. कारण आबारावनं लिहिलेलं खरं होतं. तो कामावर नव्हताच.

भिमाबाई गेल्यावर त्यानं लांब रबर कापून घेतलं आणि काळवीट कोरायला बसला.

काळवीटच का, याचं कारण होतं. लहानपणी दोघे भाऊ पहाटे माळावर काळविटांचा कळप बघायला जायचे. मच्छिंद्र शिंगं बघायचा. आबाराव ओठ हलवत जनावरं मोजायचा. अठरा. रोज अठरा. एके दिवशी सतराच भरली. आबारावनं तीनदा मोजली आणि मग तिथंच बसून रडला. मच्छिंद्रला तेव्हा हसू आलं होतं. बारा वर्षांत हे त्याला पुष्कळदा आठवलं होतं, आणि आठवल्यावर तो कुणाचं तरी 'तातडीचे' कोरायला घ्यायचा.

काळविटाला तीन दिवस लागले. उजवीकडं बघणारं हवं तर रबरावर डावीकडं बघणारं कोरायचं. शिंगांचे चार पीळ निघाले. पाचवा जुन्या ब्लेडनं निघेना, म्हणून त्यानं दाढीचं नवं पान फोडलं आणि आठवडाभर तसाच दाढी वाढवून बसला. गिऱ्हाइकांना वाटलं, घरात कुणी गेलं.

मजकुरासाठी त्यानं शिशाच्या अक्षरांतून 'लोभ असावा' जुळवून घेतलं, साच्यात टाकलं, रबर भाजून शिक्का तयार केला. वर्तमानपत्रावर मारून पाहिला. स्वच्छ उठला. मग काळवीट उठवलेलं कार्ड पुढं घेतलं, श्वास धरला, हात वर नेला. तेवढ्यात तात्याराव आले, "काय रे, लांडगा पोचला, मेव्हणा बोलायचा बंद झाला," म्हणाले आणि समोरच्या फळीवर बसले. मच्छिंद्रनं हातातला शिक्का खाली ठेवला, दुसरा उचलला आणि मारला. 'कळावे.'

तात्यारावांसमोर 'लोभ असावा' मारणं शक्यच नव्हतं. तात्याराव गेल्यावर दुसरं कार्ड करता आलं असतं. पण काळवीट इतकं चांगलं उठलं होतं की तसं पुन्हा उठेल याची खात्री नव्हती. खाली नाव लिहायला पेन घेतलं. 'तुझा मच्छिंद्र' लिहायचं की 'आपला', यावर बराच वेळ गेला. शेवटी दुकानाचा गोल शिक्का मारला. ओव्हाळ रबर स्टॅम्प, भूम.

पत्ता घराचा घातला नाही, सोसायटीचा घातला. घरी आलेला कागद दादा रागात फाडू शकतो. ऑफिसात आलेला कागद दादा मेला तरी फाडणार नाही. एवढा तो भावाला ओळखून होता.

नवव्या दिवशी उत्तर आलं. पाकिटावर सोसायटीचा शिक्का. मच्छिंद्र आधी उभा राहिला, मग त्यानं वाचलं.

'विषय: काळवीट. आपणाकडील नमुना दि. ११ रोजी मिळाला. सदर नमुना संचालक मंडळाच्या सभेपुढे ठेवण्यात आला. संस्थेस तूर्त आवश्यकता नाही. कळावे.' खाली सही आबाराव ओव्हाळ, सचिव. सहीवर शिक्का. शिक्का बार्शीत केलेला होता. अक्षरांच्या वळणावरून मच्छिंद्रला लगेच कळलं.

तूर्त आवश्यकता नाही. बारा वर्षांनी भावाला भाऊ तूर्त नको होता. मच्छिंद्रनं पत्र घडी करून खिळ्याला अडकवलं आणि दिवसभर कोंबड्यांच्या सोसायटीचं काम केलं.

पुढच्या बाजारी भिमाबाई आल्या. "भावजी, परवा तुमचे दादा इचारत व्हते, भूमला जातीस तर दुकान उघडं दिसतंय का."

"त्यास्नी आवश्यकता न्हाय."

"कशाची?"

"कायची न्हाय, वैनी. तुमची यष्टी निघल."

त्यानंतर भिमाबाई टपरीवरून जायच्या, पण थांबायच्या नाहीत. मच्छिंद्रही हाक मारत नसे. वर्ष असं गेलं. तात्यारावांच्या मेव्हण्यानं कोल्हा धाडला, तात्यारावांनी परत वाघ धाडला. सगळ्या तालुक्यातले पुरुष एकमेकांना जनावरं पाठवत होते आणि कुणी कुणाला काही लिहीत नव्हतं.

आबाराव वैशाखात गेला. निरोप यायला उशीर झाला, एस्टीचं टायर फुटलं, आणि मच्छिंद्र गावात पोचला तेव्हा माणसं परत फिरत होती. भिमाबाई त्याला बघून रडल्या. तो जलदान विधीपर्यंत राहिला. पाणी भरलं, मंडप सोडवला. त्या दिवशी संध्याकाळी सोसायटीचा नवा सचिव, शरणप्पा नावाचा चष्मेवाला पोरगेला माणूस, दारात आला.

"भूमचे ओव्हाळ रबर स्टॅम्प तुमीच का? तुमचं एक प्रकरण पेंडिंग हाय. उद्या ऑफिसला याल?"

सोसायटीचं ऑफिस म्हणजे खतांच्या पोत्यांमागची एक खोली. शरणप्पानं प्रोसिडिंग बुक उघडलं आणि मच्छिंद्रपुढं सरकवलं. "हे बगा. मला चार्ज घिऊन चार दिवस झाले. समदं समजलं, ह्ये एक सोडून."

आबारावचं अक्षर. ओळी सरळ, काने उभे.

पहिल्या सभेत लिहिलं होतं: 'काळवीट नमुन्यावर चर्चा झाली. संस्था खत व बियाणे वाटप करीत असल्याने मा. चेअरमन यांचे मते काळविटाची तूर्त आवश्यकता नाही. तसे कळवावे.'

"इथं इषय संपला की," शरणप्पा म्हणाला. "पर त्यांनी म्होरच्या म्हैन्यात पुन्हा घेतलाय. बगा."

'काळविटाचा विषय वेळेअभावी घेता आला नाही. पुढील सभेत ठेवावा.'

पुढच्या महिन्यात: 'गणपूर्ती नसल्याने तहकूब.'

त्याच्या पुढच्या: 'सचिवांनी नमुना पुन्हा सभेपुढे ठेवला. कोरीव काम स्वच्छ आहे. शिंगांचे पीळ पाच आहेत. नोंद घ्यावी.'

मच्छिंद्रनं ती ओळ दोनदा वाचली.

"आमी डायरेक्टर लोकांस्नी इचारलं," शरणप्पा सांगत होता. "ते म्हनले, आमाला बी उमगंना. दर मीटिंगला चहा झाला की आबाराव ते हरीण टेबलावर काढायचे. इषय निकाली काढला तर कागद गठ्ठ्यात बांधून माळ्यावर जातोय ना. तसं हू देत नव्हते. लई कडक मानूस, पन ह्या एका कागदापायी नियम वाकवायचे."

आठव्या सभेत लिहिलं होतं: 'नमुना पाठविणाऱ्यास समक्ष बोलवावे काय, असा प्रश्न सचिवांनी उपस्थित केला. कशासाठी, असे मा. चेअरमन यांनी विचारले. निर्णय झाला नाही.'

नववी: 'वरीलप्रमाणे.' दहावी: 'वरीलप्रमाणे.' अकरावीत अक्षर थोडं हललेलं होतं: 'पुढील सभेत ठेवावा.'

शरणप्पानं फायलीतून कार्ड काढून समोर धरलं. वर 'मिळाले'चा शिक्का, आवक नंबर, तारीख. काळवीट उजवीकडं बघत होतं. कडा हाताळून मऊ झाल्या होत्या.

"ह्ये म्या घिऊन जाऊ का?" मच्छिंद्रनं विचारलं.

"तसं देता येत न्हाय हो. आवक झालेला कागद हाय. सोसायटीचा झाला." शरणप्पाला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं चष्मा काढून पुसला. "उद्या मीटिंग हाय. निकाली काढतो, मग बगू काय करता येतंय. का तुमाला काय म्हनायचंय?"

मच्छिंद्रनं कार्ड परत फायलीत ठेवलं. नाडी बांधली.

"काय न्हाय. पुढच्या सभेत ठिवा."

"आन त्याच्या म्होरं?"

"त्याच्या पुढच्या."

शरणप्पानं त्याच्याकडं पाहिलं. मग पेनचं टोपण काढलं, पान सरळ केलं आणि उद्याच्या तारखेखाली ती ओळ आजच लिहून टाकली. मच्छिंद्र शाई वाळेपर्यंत वाकून बघत राहिला. शब्द तेच होते. अक्षर दुसरं होतं.