एकतीस शिक्क्यांचा डबा

ही दोन हजार एकोणीस सालची गोष्ट. त्या वर्षी दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या सोक्गे गावात, समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढणाऱ्या एकतीस बायकांनी पहिल्यांदाच फोनवरून मत दिलं. प्रश्न एकच होता. मासे पाळणाऱ्या कंपनीला तिच्या टाक्यांचं पाणी गावच्या खाडीत सोडू द्यायचं की नाही?

मतदानाची पद्धत सरकारने नवी आणली होती, ब्लॉकचेनची. एकदा दिलेलं मत एकाच वेळी अनेक ठिकाणी नोंदलं जाणार, ते कुणालाही पुसता येणार नाही, सरकारलाही नाही. प्रत्येकीला बारा गुप्त शब्दांचा कागद मिळाला होता. ज्याच्या हाती ते शब्द, त्याच्या हाती ते मत.

बायकांनी ते कागद नेऊन दिले सुनदोककडे. सुनदोक त्यांची म्होरकी, वय एकाहत्तर. तिच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि चाळीस वर्षं सगळ्यांचे, सहीऐवजी मारायचे नावाचे शिक्के त्यातच असत. अर्ज आला, कर्जाचा कागद आला, की बायका पाण्यात, शिक्के मारायला सुनदोक. कागदही त्याच डब्यात गेले. मतदानाच्या दिवशी पाण्यातून वर आल्यावर शेकोटीपाशी एकेकीने तिच्या कानात ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगितलं आणि तिने आपल्या फोनवर ते दाबलं. अठ्ठावीस नाही, तीन हो.

पुढच्याच आठवड्यात कंपनीने तक्रार केली. पंचायतीच्या खोलीत सुनावणी लागली. मतं बाद झाली तर गावाची हरकत नाही असं धरून त्याच संध्याकाळी परवानगी निघणार होती.

“एकतीस मतं, अकरा मिनिटं आणि फोन एक,” कंपनीचे वकील पानसाहेब म्हणाले. “नोंद खोटं बोलत नाही.”

सुनावणी घेणारी तरुण सरकारी अधिकारी ह्येजिन पुढे झुकली. “आजी, फोन तुमचा असेल. पण बटण जिचं तिनेच दाबलं ना?”

पोरीने सुटकेचं दार किलकिलं करून दिलं होतं. मागच्या बाकावरून तिच्याबरोबर बुड्या मारणाऱ्या मालसूनने सुनदोकच्या पाठीत बोट खुपसलं. “हो म्हण गं, मेले!”

एक शब्द बोलायचा, की खाडी वाचली.

“मीच दाबलं,” ती म्हणाली. “सगळ्यांचं.”

मागे कुणीतरी ‘अगं बाई!’ म्हणालं.

“म्हणजे तुमच्या मनाला येईल ते दाबलंत,” वकील म्हणाले.

“मग ते तीन ‘हो’ कुठून आले, साहेब? खुळी आहे का मी?”

बायका हसल्या. वकील हसले नाहीत. “त्या तिघींची नावं सांगा. त्यांना विचारू.”

“कानात सांगितलेलं आहे ते. नाही सांगणार.”

“मग पुरावा नाही.”

ह्येजिनने पेन उचललं. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. खालून लाटांचा आवाज येत होता.

तेवढ्यात मागचा बाक करकरला. मालसून उभी राहिली होती.

“त्यातली एक मी.”

सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या.

“बघता काय अशा? माझी लेक कंपनीच्या पॅकिंगला आहे. चाळीस वर्षं हिच्या शेजारी बुडी मारतेय मी. कानात ‘हो’ म्हटलं तर हिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी हिचा शंख चोरला. पण दाबलं ‘हो’च. मी बघत होते.”

ह्येजिनने बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. नियमाप्रमाणे मतं बाद, पण फसवणूक झालेली नाही. तीन दिवसांनी पुन्हा मतदान, पडद्याआड, जिच्या तिच्या हाताने. तोवर परवानगी नाही.

त्या रात्री सुनदोकने घरोघरी जाऊन कागद परत केले.

तीन दिवसांनी निकाल लागला. सोळा नाही, पंधरा हो. खाडी एका मताने वाचली. बायका ओरडल्या, एकमेकींना मिठ्या मारल्या. सुनदोक खुर्चीवर बसूनच राहिली. तिनाचे पंधरा झाले होते. बारा जणींना तिच्या कानात खरं सांगता आलं नव्हतं. त्या बारा जणीही आता इथेच ओरडत होत्या. कोण, ते तिने कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शिक्केही जिचे तिला देऊन टाकले.

ह्येजिनची पुढे राजधानी सोलला बदली झाली. तिथे म्हाताऱ्यांच्या मतदानाचे नियम लिहिणाऱ्यांत ती होती म्हणतात. पानसाहेबांच्या कंपनीने दुसऱ्या गावाची खाडी धरली. मालसूनच्या लेकीची नोकरी गेली. ती शहरात हॉटेलात लागली. मालसूनशेजारी शेकोटीपाशी वर्षभर कुणी बसेना. एकटी सुनदोक बसायची. दोन हजार तेवीसमध्ये दोघींनी एकाच दिवशी बुड्या मारणं सोडलं.

पहिल्या मतदानाची नोंद अजून आहे. एकतीस मतं, एक फोन, पुढे ‘बाद’ असा शेरा. ती कुणालाच पुसता येत नाही. डब्यात सुनदोक आता सुयादोरे ठेवते.